रस्ता कोणी खाल्ला?

आमच्या भागातला एक रस्ता तिसऱ्याच पावसाळ्यात उखडला. नवा होता तेव्हा पोरे त्यावर रात्री दिव्याखाली बॅडमिंटन खेळत. आता त्याच ठिकाणी दुचाकीवरून पडून आपल्या एका सभासदाच्या सुनेचा हात मोडला. मंडळाच्या सभेत विषय निघाला आणि क्षणात निकालही लागला : कंत्राटदाराने डांबर खाल्ले, अधिकाऱ्यांनी टक्केवारी खाल्ली, आणि नगरसेवक झोपले. निवेदन तयार झाले, सह्या झाल्या. आम्हीही सही केली.

निवेदन घेऊन महापालिकेकडे निघायच्या आधी एक गोष्ट घडली. आपल्याच समाजातले एक वडीलधारे गृहस्थ सार्वजनिक बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी निवेदन वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "डांबर खाल्ले असेलही, मी नाही म्हणत नाही. पण हा रस्ता किती वजनासाठी बांधला होता, हे तुमच्यापैकी कोणी विचारले का?"

कोणी विचारले नव्हते. रस्ता वजनासाठी बांधतात हेच मुळी आमच्या डोक्यात नव्हते. रस्ता म्हणजे लांबी, रुंदी आणि उद्घाटनाची फीत, एवढीच आमची समजूत. काकांनी एका कागदाच्या पाठीवर सूत्र लिहून दाखवले आणि आम्ही चकित झालो, कारण ते सूत्र आमच्या ओळखीचे होते. बँकेच्या काउंटरवर बसून वीस वर्षे आम्ही तेच वापरत आलो आहोत. दर महिन्याला ठरावीक रक्कम भरणाऱ्या ग्राहकाच्या आवर्ती ठेवीचे मुदतीअखेर किती होतील, हे काढायचे जे सूत्र, तेच डांबरी रस्त्याच्या आयुष्याचे. फरक इतकाच, की ठेवीत पैसे साठतात आणि रस्त्यात इजा साठते. व्याजदराच्या जागी वाहतुकीची वार्षिक वाढ घालायची, आणि हप्त्याच्या जागी रोज जाणाऱ्या जड वाहनांची इजा.

या अंकाचे संपादकीय आम्ही त्या सूत्रासाठीच खर्च करणार आहोत. वाचकांनी कंटाळू नये. यात आपल्या घरपट्टीचा पैसा आहे आणि मोडलेला हातही आहे.

मूळ गोष्ट अशी. रस्त्याला मोटारींची, स्कूटरींची, रिक्षांची फारशी पर्वा नसते. त्याला मारतो तो जड वाहनाचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांची जोडी ज्या दांड्यावर असते तो दांडा आणि त्यावरचा भार. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक प्रचंड प्रयोग झाला. मुद्दाम रस्ते बांधले, आणि लष्कराच्या जवानांनी दोन वर्षे त्यांवरून ठरावीक वजनाचे ट्रक फिरवले. त्यातून जो नियम निघाला तो आजही जगभर वापरला जातो : अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला तर इजा दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. म्हणजे भाराचा चौथा घात. हा घात सगळीकडे नेमका चारच असतो असे नाही. आपल्याकडच्या मार्गदर्शिकेत डांबराला तडे जाण्यासाठी ३.८९ आणि चाकोरी पडण्यासाठी ४.५३ असे घातांक आहेत. पण हिशेबाची जात तीच.

तुलनेसाठी एक प्रमाण अ‍ॅक्सल धरतात. त्याचा भार ८.१६ टन. आपल्या देशात मागच्या चार टायरच्या अ‍ॅक्सलवर कायद्याने बरीच वर्षे १०.२ टन भार चालत असे. १०.२ भागिले ८.१६ म्हणजे १.२५, त्याचा चौथा घात २.४४. म्हणजे पूर्ण कायदेशीर ट्रकचा मागचा अ‍ॅक्सलसुद्धा प्रमाणाच्या जवळजवळ अडीचपट इजा करतो. आता त्याच अ‍ॅक्सलवर १६ टन लादा. इजा होते १४.८ पट! भार दीडपटीहून थोडा जास्त वाढला, इजा सहापट झाली. याउलट आपली मारुती मोटार हजारो वेळा गेली तेव्हा कुठे एका अ‍ॅक्सलची बरोबरी होईल.

एक जड वाहन एका फेरीत सरासरी किती प्रमाण अ‍ॅक्सलांइतकी इजा करते, त्या आकड्याला इंजिनिअर मंडळी व्हेइकल डॅमेज फॅक्टर म्हणतात. आपण त्याला इजेचा गुणक म्हणू. सगळे पाणी इथेच मुरते.

रस्त्यांची मार्गदर्शक पुस्तके काढते ती इंडियन रोड्स काँग्रेस. जाता जाता सांगायला हरकत नाही, की या संस्थेच्या मुळाशी एक मराठी माणूस आहे. १९२७ साली सरकारने देशातल्या रस्त्यांसाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, आणि त्या समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये ही संस्था उभी राहिली. डांबरी रस्त्यांची तिची मार्गदर्शिका पहिल्यांदा १९७० मध्ये निघाली. तीत मोजत होते फक्त वाहनांची संख्या, तीन टनांवरची जड वाहने किती, एवढेच. वजनाच्या पुनरावृत्तीचा हिशेब आला १९८४ मध्ये. नंतर २००१, २०१२ आणि २०१८ मध्ये सुधारणा झाल्या.

याच पुस्तकात एक सोय आहे, आणि आमच्या मते निम्मा घोळ त्या सोयीत आहे. काम लहान असेल आणि अ‍ॅक्सलची वजने प्रत्यक्ष मोजणे परवडत नसेल, तर तयार आकडा वापरा. सपाट प्रदेशात दिवसाला १५० ते १५०० जड वाहने असतील तर इजेचा गुणक ३.५ धरा, असे जुने पुस्तक सांगे. २०१८ मध्ये तो ३.९ झाला. दीड हजारांच्या वर ४.५ होता, तो ५ झाला. वाढीचा दर माहीत नसेल तर २००१ चे पुस्तक साडेसात टक्के धरा म्हणे. आता किमान पाच टक्के धरायचे आहेत. दोन पदरी रस्त्यावर दोन्ही दिशांच्या मिळून वाहनांपैकी पाऊण भाग एका पदरावर येतो असे २००१ मध्ये धरत, २०१२ पासून निम्मा धरतात. यातला एकेक बदल तज्ज्ञांनी विचारपूर्वकच केला असणार. पण आम्हा हिशेबाच्या माणसांना दिसते ते असे, की रस्त्यावर एकही दगड पडायच्या आधी, कागदावरच्या एका रकान्यात त्याचे आयुष्य लिहून झालेले असते.

किती फरक पडतो? समजा एका रस्त्यावर दोन्ही दिशांनी मिळून रोज १००० जड वाहने आहेत. आयुष्य १५ वर्षे, वाढ ५ टक्के, निम्मा भाग एका पदरावर, गुणक ३.९. गणित केले तर एका पदरावर सुमारे १ कोटी ५४ लाख प्रमाण अ‍ॅक्सल येतात. त्याप्रमाणे थर घातले, काम चोख झाले, डांबराचा एक थेंबही कोणी खाल्ला नाही असे धरू.

आता वाढीचा अंदाज चुकला. वाहतूक ५ ऐवजी १० टक्क्यांनी वाढली. रस्त्याची शिदोरी पंधराव्या वर्षी संपायची ती बाराव्या वर्षी संपते. तीन वर्षे गेली. वाईट, पण एकवेळ चालेल. आता वाढ बरोबर आली पण ट्रक जादा भरलेले निघाले आणि गुणक ३.९ ऐवजी ८ ठरला. रस्ता पावणेनऊ वर्षांच्या आतच संपतो. दोन्ही चुकले तर साडेसात वर्षे. म्हणजे अर्धे आयुष्य गेले आणि चौकशीत सापडणार काय? डांबर बरोबर, खडी बरोबर, जाडी बरोबर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

आमच्या व्यवसायात हे रोज दिसते. कर्जासाठी प्रकल्प अहवाल येतो. बेरजा चोख, ताळेबंद जुळलेला, टाचणी टोचायला जागा नाही. पण पहिल्याच पानावर विक्रीचा जो अंदाज धरलेला असतो तो हवेत असतो, आणि पुढचे चाळीस पानी बरोबर गणित त्या एका चुकीवर उभे असते. कर्ज बुडते तेव्हा शेवटच्या पानावर सही करणारा कारकून सापडतो. पहिल्या पानाला कोणी हात लावत नाही.

यातली दुःखाची गोष्ट ही, की कागदावरचा आकडा खरा धरला असता तरी खर्च काही आभाळाला भिडला नसता. २००१ च्या पुस्तकातले कोष्टक काकांनी आम्हाला दाखवले. मध्यम प्रतीच्या मातीवर, म्हणजे सी.बी.आर. ५ असताना, १ कोटी अ‍ॅक्सलांसाठी सगळ्या थरांची मिळून जाडी लागते ६६० मिलिमीटर. २ कोटींसाठी ६९०. दुप्पट भारासाठी जादा लागतो तीस मिलिमीटरचा डांबरी थर, दोन बोटे रुंदीएवढा. डांबरी थर स्वस्त नसतो हे खरे. पण पंधरा वर्षांचा रस्ता सात-आठ वर्षांनी दुसऱ्यांदा करण्यापेक्षा तो खासच स्वस्त.

शिवाय रस्ता मरतो तो हळूहळू, सरळ रेषेत मरत नाही. पहिली काही वर्षे वरून काहीच दिसत नाही. तडे खालून वर येतात. पुस्तकाच्या हिशेबाने पृष्ठभागाच्या २० टक्के भागाला तडे गेले किंवा चाकोरी २० मिलिमीटर खोल झाली की रस्ता निकामी. पण आपल्याकडे काळी माती आहे. एकदा तड्यातून पाणी आत शिरले की ती फुगते, मऊ पडते, आणि पुढचे काम एक पावसाळा करतो. म्हणूनच अंदाजाला महत्त्व आहे. जागतिक बँकेच्या पुढाकारातून तयार झालेले एच.डी.एम.-४ सारखे संगणकी आराखडे कोणत्या वर्षी किती तडे पडतील आणि कधी वरचा थर द्यावा लागेल, हे सांगतात. पण त्यांनाही दर वर्षी किती प्रमाण अ‍ॅक्सल गेले हे आपणच भरून द्यायचे असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संगणक सांगतो आठव्या वर्षी थर द्या, आणि रस्ता पाचव्या वर्षीच आतून फुटलेला असतो. मग आठव्या वर्षी दिलेला थर म्हणजे गळक्या छपराला रंग.

आता आपल्या गावाकडे येऊ. हुबळी-धारवाडच्या लोकांना हे सगळे पुस्तकात शोधायची गरज नाही, आपण ते डोळ्यांनी पाहिले आहे. साधारण २००३ पासून पुढची सात-आठ वर्षे आठवा. चीनला लोखंड हवे होते, आणि बळ्ळारी-होस्पेटचे खनिज ट्रकांत भरून कोप्पळ, गदग, हुबळी, कलघटगी, यल्लापूर, अरबैल घाट असे उतरत अंकोल्याजवळच्या बेलेकेरी बंदरावर आणि कारवारला जात होते. तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग ६३. (आता हुबळीच्या पश्चिमेला त्याचा क्रमांक ५२ आहे आणि पूर्वेला ६७.) गोकर्णाला किंवा देवाच्या कामाला कोकणात उतरणाऱ्या आपल्या किती कुटुंबांनी त्या रस्त्यावर कंबरडे मोडून घेतले, हे निराळे सांगायला नको. त्या प्रवासात एक गोष्ट आमच्या लक्षात आली होती, तिचा अर्थ आता कळला. समुद्राकडे जाणारी बाजू अगदी नांगरल्यासारखी, आणि येणारी बाजू त्या मानाने बरी. ट्रक तेच, संख्या तीच. जाताना भरलेले, येताना रिकामे! वाहनांची नुसती मोजणी केली असती तर दोन्ही बाजू सारख्याच ठरल्या असत्या.

तो रस्ता ज्यांनी आखला त्यांनी काय चूक केली होती? त्यांच्या काळात चीनचे ऑलिंपिक कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण ट्रक सुरू झाल्यावर, रोज डोळ्यांसमोर जात असताना, अंदाज बदलून घ्यायला कोणाचा हात धरला होता? लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचे खाणींवरचे अहवाल २००८ आणि २०११ मध्ये आले. त्यांत बेकायदा उत्खननाबरोबर जादा भाराच्या वाहतुकीचाही ऊहापोह होता. २०१० मध्ये राज्याने खनिजाची निर्यात थांबवली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतले खाणकाम थांबवले, ट्रक थांबले. रस्ता दुरुस्त करायचा खर्च मात्र ज्यांनी खनिज विकले त्यांच्याकडून वसूल झाला नाही. तो तुमच्या-आमच्या करातून झाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

बायपासची गोष्ट वेगळी, पण तिचेही मूळ अंदाजातच. गब्बूर ते नरेंद्र हा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता गेल्या शतकाच्या अखेरीस बी.ओ.टी. पद्धतीने दोन पदरी ठरला. त्यानंतर सुवर्ण चतुष्कोन आला, पुण्याकडून आणि बेंगळूरकडून चार पदरी महामार्ग येऊन या दोन पदरी नळीत शिरू लागला. सगळ्या मार्गावर इथेच समोरासमोर गाड्या. १५ जानेवारी २०२१ च्या पहाटे इटिगट्टीजवळ दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींच्या टेम्पो ट्रॅव्हलरला टिपर धडकला आणि दहाहून अधिक जणांचा जीव गेला. त्यानंतर रुंदीकरणाला वेग आला आणि २८ फेब्रुवारी २०२२ रोजी सहा पदरी कामाचा पाया घातला गेला. एक अंदाज वीस वर्षे दुरुस्त न करण्याची किंमत काय असते, हे त्या घरांना विचारावे.

इथे आम्हा बँकवाल्यांचा एक जुना संशय नोंदवतो. पथकराच्या प्रकल्पात वाहतुकीचा आकडा दोन वेळा लागतो, एकदा उत्पन्न दाखवायला आणि एकदा रस्त्याची जाडी ठरवायला. पहिल्या ठिकाणी मोठा आकडा सोयीचा, दुसऱ्या ठिकाणी लहान. देशात कुठेही असा प्रकल्प आला तर दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत. आकडा एकच असला पाहिजे.

आता तो आमच्या भागातला उखडलेला रस्ता. काकांच्या सांगण्यावरून आम्ही निवेदन बाजूला ठेवले आणि आठवू लागलो की गेल्या काही वर्षांत त्यावरून काय काय गेले. बी.आर.टी.एस.चे काम चालू होते तेव्हा पी. बी. रोडवरची वाहने गल्लीबोळांतून वाट काढत. पुढे चन्नम्मा सर्कलच्या उड्डाणपुलासाठी २०२५ मध्ये पुन्हा वाहतूक वळवली गेली. शहराला सुधारणा हव्यात, त्याबद्दल तक्रार नाही. चिगरी बसमधून धारवाडला आम्हीही आरामात जातो. पण वळवलेल्या वाहतुकीचा हिशेब कोणाच्या खात्यावर पडतो?

आतल्या रस्त्याचे गणित करून पाहा. समजा रोज ५० जड वाहने, तीही हलकी भरलेली, गुणक १.५, वाढ ५ टक्के, आयुष्य १० वर्षे. सगळी मिळून होतात साधारण ३ लाख ४४ हजार प्रमाण अ‍ॅक्सल. आता त्यावरून रोज ६०० बस आणि ट्रक वळवा, गुणक ३.५. दिवसाला २१०० अ‍ॅक्सल. दहा वर्षांची शिदोरी १६४ दिवसांत संपली, साडेपाच महिन्यांत! आणि वाहतूक वळवण्याचा आदेश निघतो तेव्हा त्यात पोलिसांचा विचार असतो, पाट्यांचा असतो, रस्त्याच्या पोटाचा नसतो. वळवण्याआधी त्या रस्त्यावर एक जादा थर घालावा आणि त्याचा खर्च मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा, हे इतके अवघड आहे का?

इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या असतील. पुढचे थोडे कडू आहे.

जादा माल भरतो कोण? परग्रहावरून कोणी येत नाही. अमरगोळच्या ए.पी.एम.सी.त आपल्या लोकांची दुकाने आहेत, आपल्यापैकी काहींचे ट्रक आहेत, काहींची वाळू-खडीची कामे आहेत. सभेत कंत्राटदाराला शिव्या देणाऱ्यांत आम्ही अशा दोघा-तिघांना पाहिले, आणि त्यांनीही आम्हाला पाहिले. एका फेरीत चार-पाच टन जादा घातले तर एक फेरी वाचते, डिझेल वाचते. त्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे : "मी कायद्याने भरले तर शेजारचा माझे भाडे घेऊन जाईल." हे खोटे नाही. म्हणून एकट्यादुकट्याच्या सदाचाराने हे सुटणारे नाही, काट्यावर सगळ्यांना सारखे उभे केले तरच सुटेल. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच परमजित भसीन खटल्यात सांगितले आहे, की दंड भरला म्हणजे जादा भार घेऊन पुढे जायचा परवाना मिळाला असे होत नाही. जादा माल उतरवलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने दंडही दोन हजारांवरून वीस हजार झाला आणि जादा टनामागे एक हजाराचे दोन हजार झाले. पण काट्यावर नेलाच नाही तर दंड कसला? आणि नेहमीचा काटा एकूण वजन सांगतो, अ‍ॅक्सलचे नाही. सगळा माल मागे रचला तर एकूण वजन कायद्यात आणि मागचा अ‍ॅक्सल कायद्याबाहेर, असेही होते.

सरकारही यात धुतल्या तांदळासारखे नाही. २०१८ मध्ये केंद्राने मागच्या चार टायरच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. दोन अ‍ॅक्सलांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झाले. वाढ दिसायला साधारण तेरा-चौदा टक्के. चौथ्या घाताने त्या मागच्या अ‍ॅक्सलची इजा २.४४ वरून ३.९४ वर गेली, म्हणजे एकसष्ट टक्के जास्त. फेऱ्या कमी होतील, असा त्यावर युक्तिवाद होता. तोही तपासून पाहिला. रिकामा ट्रक ६ टनांचा धरला तर माल १०.२ टनांवरून १२.५ टन होतो, आणि पुढच्या अ‍ॅक्सलसह हिशेब केला तर प्रत्येक टन मालामागे इजा तरीही एक तृतीयांशाहून जास्त वाढते. व्यापाऱ्याला फायदा झाला, मालवाहतूक स्वस्त झाली, हे मान्य. पण त्याच्या आधी बांधलेले रस्ते जुन्या वजनासाठी होते. त्यांच्या जाडीत एका रात्रीत भर पडली नाही.

मग आपण करायचे काय? "डांबर खाल्ले" हे निवेदन आम्ही फाडून टाकलेले नाही. त्याच्या जागी दुसरे केले आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत. या रस्त्याच्या आराखड्यात रोजची जड वाहने किती धरली? इजेचा गुणक किती धरला, तो मोजून की पुस्तकातून? वाढीचा दर किती? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. पत्र आले नाही तर त्या कायद्याखाली अर्ज जाईल. हे तीन आकडे कामाच्या फलकावर कंत्राटदाराच्या नावाखाली रंगवावेत, अशी मागणीही त्यात आहे. फलकावर रक्कम असते, आमदारांचे नाव असते. वजन का नसावे? उत्तरात आकडे बरोबर निघाले आणि रस्ता तरी फुटला, तर डांबर कोणी खाल्ले हे विचारायला आपण मोकळे आहोत, आणि तेव्हा ते पुराव्यासह विचारता येईल.

२०२१ च्या निवडणुकीपासून आपल्या महापालिकेत ८२ प्रभाग आहेत. पुढच्या वेळी मते मागायला जे दारात येतील त्यांना चहा जरूर द्यावा, आणि आपल्या प्रभागातल्या एका तरी रस्त्याचे हे तीन आकडे विचारावेत. पक्ष कोणताही असो. ज्याला ठाऊक नसेल त्याने महापालिकेत विचारून यावे, आपण दुसरा चहा देऊ.

अ‍ॅक्सलची वजने मोजायचे यंत्र आपल्याकडे नाही, ते काम सरकारचे. त्यासाठीचे नियमही स्पष्ट आहेत : दिवसाला तीन हजारांपर्यंत जड वाहने असतील तर त्यांतल्या वीस टक्क्यांचे वजन करायचे. पण ते कधी करायचे हेही पाहिले पाहिजे. भर पावसाळ्यात मोजले तर ट्रक कमीच दिसणार. मिरचीच्या हंगामात ब्याडगीच्या बाजूने आणि उसाच्या हंगामात हल्याळ-अळणावरच्या बाजूने जे काही रस्त्यावर येते ते तेव्हाच मोजायला हवे. वाहनांची संख्या मात्र आपणही मोजू शकतो. काकांनी वहीची पाने आखून दिली आहेत : दोन अ‍ॅक्सलांचे, तीन अ‍ॅक्सलांचे, त्याहून मोठे, बस, ट्रॅक्टर-ट्रॉली. जाणारे वेगळे, येणारे वेगळे. भरलेला की रिकामा, हे टायर दबलेले आहेत का पाहून कळते. सलग सात दिवस, चोवीस तास मोजायचे आहे.

वह्या मंडळाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. दिवसाच्या पाळ्यांसाठी महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलींनी नावे द्यावीत, चहा-पोह्यांची सोय महिला विभागाने स्वीकारली आहे. ट्रक शहरात शिरतात ते जास्त करून रात्री. रात्री दहा ते सकाळी सहाची पाळी काका आणि आम्ही घेतली आहे. आणखी दोघे हवे आहेत, स्वेटर घरून आणावा.